चढाची चक्री

धनेशनं क्रूझर सायकल आणली तेव्हा आचोळ्याच्या त्या बिल्डिंगीतले सगळे खाली उतरून ती बघून गेले. जाड टायर, म्हशीच्या शिंगांसारखं मागं वळलेलं रुंद हँडल, पाटासारखी ऐसपैस गादी. मधली दांडी नव्हतीच, तिच्या जागी खाली झुकलेला पाइप होता. पाय फारसा न उचलता बसता यावं अशी सोय. पोट कमी करायचं म्हणून धनेशनं ती घेतली होती. पोट होतं तिथंच राहिलं आणि सायकल पार्किंगमध्ये उभी राहिली.

तिच्या शेजारी, पाण्याच्या पंपाच्या खोलीला टेकून, आणखी एक सायकल आधीपासून उभी होती. काळी, उंच, दांडीवाली, मागं लोखंडी कॅरियर असलेली. ती धनेशच्या वडिलांची, हरेश्वरची. हरेश्वर जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. सोसायटीचा सेक्रेटरी दर मीटिंगला त्या सायकलीचा विषय काढी आणि धनेश दर वेळी म्हणे, काढू, काढू. काढत मात्र कोणी नव्हतं. कारण धनेशची आई, हंसा, रोज सकाळी खाली येऊन त्या सायकलीच्या सीटवरची धूळ पदरानं पुसून जाई, आणि हे सेक्रेटरीसकट सगळ्यांना माहीत होतं.

हरेश्वर मूळचा चांदीप गावचा. भाताची शेती आणि पावसाळी भाजीपाला. शिराळी, काकड्या, भेंडी टोपल्यांत भरायची, टोपल्या सायकलीला दोन्ही बाजूंनी बांधायच्या आणि वसईचा बाजार गाठायचा, हे त्याचं जन्मभराचं काम. वसईत त्याचा एक ठरलेला थांबा होता, क्लेमेंटीनबायची वाडी. तिथं विहिरीचं पाणी प्यायचं, ओट्यावर टेकायचं आणि मग बाजारात जायचं. क्लेमेंटीनच्या घरी केळी होती, मोगरा होता, अबोली होती, पण भात नव्हतं. आणि सप्टेंबरात मरियामातेच्या जन्मदिनाला चर्चमध्ये नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद मिळतो. ज्याच्या घरी भात नाही त्यानं लोंब्या कुठून आणायच्या? हरेश्वरच्या बापानं कधीतरी क्लेमेंटीनच्या सासऱ्याला चार लोंब्या दिल्या, आणि मग तो पायंडाच पडला. दर वर्षी चांदीपच्या हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताच्या लोंब्या त्या घरी जायच्या. हरेश्वर म्हणायचा, "देव त्यांचा, भात आपलं, आनि पोट सगल्यांचंच."

एक नियम मात्र त्याच्या बापानं घालून दिला होता. पहिल्या लोंब्या इंजिनाच्या गाडीतून न्यायच्या नाहीत. नव्या लोंबीला दुधाचा वास असतो. तो आधी धुरानं घेतला तर देवाला काय उरलं? म्हणून एस. टी. नाही, रिक्षा नाही. बाप चालत जायचा, हरेश्वर सायकलनं गेला. चांदीपचं घर भावाकडं सोपवून तो मुलाकडं आचोळ्याला राहायला आला, तरी सप्टेंबरात तो सायकल काढून आधी चांदीपला जाई, लोंब्या घेई आणि रेल्वेवरचा पूल चढून वसईला पोचवी. शेवटच्या वर्षीसुद्धा तो पुलावर उतरला नव्हता. सायकल हातानं ढकलत चढलो तर क्लेमेंटीनबायला तोंड काय दाखवू, असं म्हणे.

तो गेला त्या वर्षी लोंब्या गेल्याच नाहीत. पुढच्या वर्षी धनेश म्हणाला, आई, मी गाडीतून नेतो, एसी लावतो, धूर बाहेर राहील. हंसा म्हणाली, "मंग देवाला एसीचा वास." पण दुसरा उपाय नव्हता. गाडी पुलाच्या आधी अडकली ती अडकलीच. धनेश पोचला तेव्हा चर्चमधली मिस्सेची प्रार्थना संपून लोक घरी निघाले होते. क्लेमेंटीननं लोंब्या हसून घेतल्या आणि धनेशला चहा दिला. पण नंतर फोनवर हंसाला म्हणाली, "बाजारातून आनल्या होत्या गं, म्हनून ताट रिकामं गेलं नाय. पन विकतच्या लोंबीला कोनाचा हात लागलेला असतो, ते आपल्याला कलत नाय ना."

ते वाक्य हंसाच्या मनात वर्षभर राहिलं. आणि या वर्षी श्रावण संपता संपता तिनं क्लेमेंटीनला फोन करून सांगून टाकलं, की बाजारात जाऊ नकोस, लोंब्या मी आणते, सायकलनं आणते.

सायकल तिला येत होती. लग्नानंतरच्या पहिल्या सप्टेंबरात हरेश्वर तिला कॅरियरवर बसवून वसईला घेऊन गेला होता, तेव्हा क्लेमेंटीननंच आपल्या लेडीज सायकलवर तिला वाडीत शिकवलं होतं. मागून सीट धरून, मी धरलंय, मी धरलंय, असं ओरडत क्लेमेंटीन धावत होती. बऱ्याच वेळानं आवाज लांबून यायला लागला तेव्हा हंसाला कळलं, की बाईनं केव्हाच सोडून दिलंय. ती दचकली आणि सरळ केळीत जाऊन पडली. पण तोवर शिकली होती.

हरेश्वरच्या उंच सायकलीवर आता या वयात लुगडं सांभाळत टांग टाकणं काही तिच्यानं होणार नव्हतं. धनेशची क्रूझर मात्र जणू तिच्यासाठीच बनवलेली. ती रोज पहाटे उजाडताना बिल्डिंगीच्या आवारात फेऱ्या मारू लागली. पहिल्या मजल्यावरची संपदा दूध घ्यायला उतरली की म्हणायची, काकी, आता लायसन काढा. सुनेनं, दिपिकानं, आधी तोंडावर हात ठेवला आणि मग गुपचूप आपले जुने कॅनव्हासचे बूट सासूसाठी दाराशी काढून ठेवले.

सणाच्या आठवडाभर आधी हंसा पूल चढून बघायला गेली. सपाटीवर सायकल झकास चालली होती. चढ लागला आणि पायडल जड झालं. अर्ध्यावर पोचेपर्यंत गुडघे म्हणायला लागले, बाई, आम्ही काय केलंय तुझं? मग पायडल थांबलंच. सायकल मागं सरकायला लागली तशी ती घाईनं उतरली आणि कठड्याला धरून उभी राहिली. एका रिक्षावाल्यानं थांबून विचारलं, आजी, बसता का, सायकल वर बांधतो. तिनं मानेनंच नको म्हटलं. पुलाचा माथा समोर दिसत होता. तिथून पलीकडं वसईच्या बाजूची झाडं दिसतात, असं हरेश्वर सांगायचा. रिक्षातून हा पूल तिनं कितीदा ओलांडला असेल, पण रिक्षातून झाडं कोण बघतं? तिनं सायकल वळवली आणि उताराला लागली. लागली खरी, पण तिला वाटत राहिलं, की तो माथ्यावर पाय टेकून थांबलाय आणि आपणच मागं फिरलोय.

जितेंद्रचं सायकलीचं दुकान आचोळ्याच्या तळ्याजवळ, पत्र्याखाली. त्यानं क्रूझर उलटी करून ठेवली, पायडल फिरवलं आणि सांगितलं, "काकी, ही समुद्राच्या कडेनं सपाटीवर मिरवायची गाडी आहे. हिचं पायडलपाशचं दातेरी चाक मोठं आणि मागची फ्री लहान. एका पायडलात लांब जाते, पण चढाला मारते. मागं मोठी फ्री टाकली की चढेल. मग मात्र पाय जास्त फिरवायला लागतील आणि गाडी हळू जाईल."

फ्री म्हणजे मागच्या चाकाची ती दातेरी चक्री, जिच्यावरून चेन फिरते आणि पायडल थांबवलं की जी कटकट वाजते. मोठी फ्री त्याच्याकडं नव्हती. मालाच्या तीनचाकीला लागते, कोणी मागत नाही, मागवावी लागेल, म्हणाला. मागवली असती तर सण होऊन गेल्यावर आली असती.

हंसा स्टुलावर बसून राहिली. मोठी फ्री. हा शब्द तिनं कुठं ऐकला होता, ते तिला लगेच आठवलं. टोपल्यांचं ओझं चढावर ओढायला हरेश्वरनं आपल्या सायकलीला मोठी फ्री बसवून घेतली होती. गावातली बाकीची माणसं त्याला ओलांडून जायची. त्याचे पाय भिंगरीसारखे फिरायचे आणि सायकल बैलगाडीसारखी जायची. लग्न होऊन आली तेव्हा हंसा ते बघून हसली होती. पाय एवढे फिरतात, मग गाडी कुठं जाते, म्हणून. तो म्हणाला होता, "जाते गो. पोचते तर खरी."

ती परत बिल्डिंगीत गेली आणि काळ्या सायकलीचं कुलूप काढून तिला हातानं ओढत जितेंद्रकडं घेऊन आली. चाकांत हवा नव्हती, त्यामुळं ती रस्ताभर खुरडत होती. पण मागची फ्री, गंजलेली का होईना, प्रत्येक पावलाला कट, कट, कट वाजत होती. चांदीपला देवळाच्या वळणावर उतार होता. तिथं आला की हरेश्वर पायडल मारायचं सोडून द्यायचा, आणि तो कटकटीचा आवाज घरापर्यंत यायचा. तो ऐकला की हंसा तव्यावर भाकरी टाकायची. तो ओसरीत यायचा तेव्हा भाकरी फुगलेली असायची. आपण किती वाजता येणार हे हिला कसं कळतं, याचं त्याला शेवटपर्यंत नवल वाटायचं आणि तिनं त्याला ते कधी सांगितलं नाही.

जितेंद्रनं चाक काढलं, फ्रीत तेल सोडलं, तिच्या खाचेत हत्यार बसवलं आणि जोर लावला. फ्री हलली नाही. त्यानं पाय रोवून पुन्हा जोर लावला. मग घाम पुसत म्हणाला, "सहज निघायची नाही. ही आट्यावर बसते, काकी, आणि पायडल मारू तशी आणखी आवळत जाते. काकांनी जेवढं पायडल मारलं ना, तेवढं सगळं हिच्यात आवळलेलं आहे. आता उलटं फिरवून ते सोडवायचं."

त्यानं ते आपल्या धंद्याचं म्हणून सांगितलं. पण हंसानं पुढं होऊन चाकावर हात ठेवला. ती म्हणाली, जरा थांब.

जितेंद्र थांबला. दुसऱ्या कोणाची पंक्चर काढायला घेतली. हंसा त्या चाकाकडं बघत बसली. चांदीपहून वसई, वसईहून चांदीप. धनेश पोटात असतानाचा पावसाळा. भाजी विकली गेली नाही ते दिवस. वसईहून तिच्यासाठी पहिल्यांदा बांगड्या आणल्या तो दिवस. सगळं त्या लोखंडात आवळून बसलेलं, आणि बाहेरून नुसता गंज दिसत होता. हे सोडवलं की काय राहणार? पंपाच्या खोलीला टेकलेली एक सायकल, जिची धूळ पुसायची. पण न सोडवलं तर? तर मग ते तसंच आवळलेलं राहणार, कोणाच्या उपयोगाचं नाही, आणि क्लेमेंटीन बाजारातून लोंब्या आणणार.

"काढ," ती म्हणाली. "पन चाक मी धरते."

जितेंद्रनं हत्यार बाकावरच्या शिकंज्यात पकडलं, फ्री त्याच्यावर बसवली आणि दोघांनी मिळून चाकाची धाव दोन बाजूंनी धरली, मोठ्या जात्याचा खुंटा दोघींनी धरावा तशी. एकदा जोर लावला, काही नाही. दुसऱ्यांदा लावला, तेव्हा कडाक असा आवाज झाला आणि चाक हातभर फिरलं. हंसाला वाटलं मोडलं. जितेंद्र हसला, निघाली, म्हणाला. त्यापुढं फ्री अगदी हळू, सुतासुतानं, सहज फिरत बाहेर आली. शेवटचा आटा सुटेपर्यंत हंसानं चाक सोडलं नाही.

क्रूझरची लहान फ्री काढून झाल्यावर जितेंद्रनं विचारलं, ही परत घेऊन जाता का? हंसा म्हणाली, त्यांच्या गाडीला बसव, तिला उघडी ठेवू नको. म्हणजे हरेश्वरच्या सायकलीला आता सपाटीवर पळायची चक्री बसली. आयुष्यभर ओझं ओढलं, आता पळू दे, असं तिच्या मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं.

सायकल दुसऱ्या दिवशी मिळाली. चेनला दोन कड्या वाढवल्या होत्या. जितेंद्रनं मागचं चाक उचलून फिरवलं आणि अभिमानानं तिच्याकडं बघितलं. चाक फिरत राहिलं. आवाज काहीच नव्हता.

"वाजत का नाय?" हंसानं विचारलं.

त्यानं सांगितलं, की रॉकेलमध्ये धुतली, आतली कुत्री साफ केली आणि घट्ट ग्रीस भरलं. फ्रीच्या आत चाकाला पकडणाऱ्या ज्या बारीक लोखंडी जिभा असतात, त्यांना हे लोक कुत्री म्हणतात. ती कुत्रीच वाजतात. "आता गप बसलीत. दहा वर्षं बघायला नको."

बिचाऱ्यानं जीव लावून काम केलं होतं. हंसानं त्याला छान झाली म्हटलं आणि पैसे दिले. घरी येईपर्यंत मात्र ती त्या मुक्या चाकाशेजारून, तोंड मिटलेल्या माणसाशेजारून चालावं तशी चालत होती.

सणाच्या आदल्या संध्याकाळी हंसाचा दीर रमेश चांदीपहून लोंब्या घेऊन आला. आला स्कूटरवरून, पण लोंब्या ओल्या पंच्यात गुंडाळून, वर केळीचं पान बांधून आणल्या होत्या, धूर लागू नये म्हणून. हंसानं स्कूटर पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. रमेश म्हणाला, "वयनी, दादाचं सगलं तू नको करायला जाऊ. तुझं वय काय?" ती म्हणाली, त्यांचं होतं त्याच्यापेक्षा कमीच आहे.

सकाळी धनेश खाली उतरला तेव्हा आई हँडलला केळीच्या सोपाच्या, सुकल्या सालीच्या दोरीनं लोंब्या बांधत होती. तो म्हणाला, मी मागून स्कूटरनं येतो, लांबून येतो, तुला दिसणारही नाही. हंसानं त्याच्याकडं पाहिलं. बापासारखाच उभा होता, एक पाय पुढं टाकून. ती म्हणाली, "माझ्या मागं धूर नको करू, बाबा. जाऊ दे मला."

तो गेटपाशी थांबला.

रस्त्यावर अजून वर्दळ कमी होती. सपाटीला पाय भराभर फिरत होते आणि सायकल अगदी सावकाश चालली होती. शाळेच्या कपड्यातल्या दोन मुली बोलत बोलत चालत तिच्याबरोबरीनं येत होत्या, इतकी सावकाश. पूल लागला. ती कठड्याच्या बाजूनं चढाला लागली आणि पायडल जड होण्याची वाट बघू लागली. ते थोडं जड झालं, पण थांबलं नाही. पाय फिरतच राहिले, गोल, गोल, उखळात कांडावं तसे एका तालात. आणि तेव्हा तिला ओळख पटली. हा तिच्या पायांचा ताल नव्हता. ओसरीतून हजारदा पाहिलेला, हसलेला, तोच हा ताल. हरेश्वरचे पाय असे फिरायचे. घाई नाही, थांबणं नाही. आत्ता त्याला हसायला कोणी नव्हतं, आणि ती स्वतःच त्याच्या आत बसून वर चढत होती. इतकी वर्षं एका घरात काढली, पण तो बाहेर पडल्यावर रस्त्यात कसा असतो हे तिला आजवर कळलं नव्हतं. दमतो कुठं, श्वास कुठं सोडतो, हे आत्ता कळत होतं. विचारायला हवं होतं, असं तिला वाटलं. साधं विचारायला हवं होतं, की आज चढ कसा होता?

माथा आला. ती उतरली नाही, नुसता एक पाय कठड्याला टेकला. पलीकडं वसईच्या बाजूची झाडं होती. बिल्डिंगी वाढल्या होत्या, पण त्यांच्या मागं झाडं होती. माड, आणि दूर धुरकट हिरवं काहीतरी. तिनं लोंब्यांना हात लावून बघितला. होत्या.

उताराला तिनं पायडल सोडलं. चाक आपसूक वेग घेऊ लागलं. ती कान देऊन होती. वाऱ्याचा आवाज, मागून जाणाऱ्या टेम्पोचा आवाज. चाक मुकंच. ती स्वतःला म्हणाली, बास झालं की, पूल चढलीस, लोंब्या जातायत, आणखी काय पाहिजे? आणि तरी कान मागंच लागलेले. पूल संपता संपता, अगदी शेवटाला, ग्रीसमधून कुठंतरी एक कट झालं. मग बराच वेळ काही नाही. मग दोनदा. फिरून फिरून ग्रीस ढिलं झालं असावं. वसईतल्या पापडी गावच्या बाजारापुढून जाताना तिनं मुद्दाम पायडल मारायचं थांबवलं, तर ती जुनी कुत्री एकामागून एक जागी होत होती.

क्लेमेंटीनच्या वाडीची वाट रस्त्यापासून खाली उतरते. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये लाल मातीची वाट, शेवटी विहीर आणि ओटा. हंसानं वळण घेतलं आणि पाय स्थिर केले. सायकल उतरत चालली आणि मागची फ्री स्वच्छ, एकसारखी वाजू लागली. कट कट कट कट, देवळाच्या वळणावर वाजायची तशीच.

घराचं दार उघडं होतं. आत क्लेमेंटीन मिस्सेला निघायच्या तयारीत असावी, बांगड्यांचा आणि भांड्यांचा आवाज येत होता. सायकल अजून विहिरीपाशी पोचली नव्हती. आतून रोजच्या, साध्या आवाजात, कामात हात असताना बोलावं तशी ती म्हणाली,

"हरेश्वरा, आधी पानी पी, मंग बोल."

हंसानं ब्रेक दाबला नाही. सायकल जितकी जाईल तितकी तिनं जाऊ दिली. विहिरीपाशी चाक थांबलं, आवाज थांबला, आणि आतला भांड्यांचा आवाजही थांबला.

क्लेमेंटीन दारात आली. अंगावर चर्चला जायचं ठेवणीतलं लुगडं, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. तो तिनं भरला केव्हा, हे तिला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे. ती हंसाकडं बघत राहिली. मग लोंब्यांकडं. मग खाली वाकून मागच्या चाकाकडं.

"त्याचीच?"

"त्यांचीच."

लांबून चर्चची घंटा ऐकू आली. आतल्या टेबलावर फुलं घातलेलं ताट तयार होतं, मध्ये लोंब्यांची जागा मोकळी ठेवलेली. हंसानं दोरीची गाठ सोडायला हात घातला, पण क्लेमेंटीननं तिचा हात धरला आणि तांब्या तिच्यापुढं केला. हंसा काहीतरी सांगणार होती, पुलाविषयी, झाडांविषयी.

पण ती आधी पाणी प्यायली.